सरपंच बाई, कारभारी बुवा : सही तिची, तर वसुलीही तिच्याच नावावर

सरपंचपदाची सोडत निघते त्या दिवशी तहसील कार्यालयात बसलेला कुणीतरी गावच्या ग्रुपवर एक ओळ टाकतो. "आपल्याकडं लेडीज पडलं." दहा मिनिटांत पुढचा मेसेज येतो, तोही ठरलेला. "मग कुणाची बायको उभी करायची?"

गावातली कोणती बाई हे काम नीट करेल, हा प्रश्न त्या ग्रुपवर उशिरा येतो. बऱ्याच गावांत तो येतच नाही. आधी घर ठरतं, मग भावकी, मग खर्च कोण करणार ते, आणि सगळ्यात शेवटी त्या घरातल्या बाईला सांगितलं जातं की उद्या तुझा फॉर्म भरायचा आहे, फोटो काढून ये.

१५ जानेवारी २०२१ च्या मतदानासाठी राज्यात १४ हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. त्यांची पाच वर्षं भरली. २०२५ ते २०३० या काळासाठी सरपंचपदाच्या सोडती २०२५ मध्येच निघाल्या. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि निम्मी सरपंचपदं महिलांसाठी राखीव. म्हणजे "कुणाची बायको" हा प्रश्न हजारो पारांवर चालू आहे किंवा लवकरच चालू होणार आहे. पॅनेलची जुळवाजुळव सुरू होण्याआधीच काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

फुलेऱ्याचे 'प्रधानजी'

ज्यांच्या मोबाईलवर 'पंचायत' ही वेब सिरीज पोचली आहे त्यांना फुलेरा गाव सांगायला नको. उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातलं हे सिरीजमधलं गाव. पहिला सीझन एप्रिल २०२० मध्ये आला, लॉकडाऊनमध्ये, आणि शेतातल्या झोपडीपासून पुण्या-मुंबईतल्या भाड्याच्या खोलीपर्यंत सगळ्यांनी तो पाहिला. निवडून आलेली प्रधान मंजूदेवी (नीना गुप्ता), आणि कारभार बघणारा तिचा नवरा ब्रिजभूषण दुबे (रघुवीर यादव). अख्खं गाव नवऱ्यालाच 'प्रधानजी' म्हणतं. ग्रामसचिव नवा येतो, तोही दोन दिवसांत तेच म्हणायला लागतो.

पहिल्या सीझनच्या शेवटी २६ जानेवारी येते. झेंडा नवराच फडकवणार असतो. नेमक्या त्याच वेळी जिल्हाधिकारी बाई गावात येतात, निवडून आलेली प्रधान कोण ते विचारतात आणि सगळ्यांसमोर झाडतात. मग मंजूदेवी पुढं येते, झेंडा फडकवते, अडखळत राष्ट्रगीत म्हणते. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

सिरीज चांगली आहे, त्यात वाद नाही. पण तिची एक गंमत लक्षात घेतली पाहिजे. दुबे हा माणूस मनाचा चांगला दाखवलाय. दारू पिऊन बायकोला मारत नाही, पैसा खाऊन बंगला बांधत नाही, बायकोला घाबरतोही. त्यामुळं दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलाय हे आपण विसरून जातो. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या चौथ्या सीझनमध्ये तर मंजूदेवी आणि क्रांतीदेवी या दोन बायकाच समोरासमोर उभ्या, एकीचं चिन्ह दुधी भोपळा, दुसरीचं कुकर. पण लढाई कुणाची? दुबे आणि भूषण यांची. मंजूदेवी हरते, आणि बघणारा हळहळतो तो 'प्रधानजी' हरले म्हणून.

आपल्याकडं वेगळं काय आहे? गावच्या वेशीवरचा फ्लेक्स बघा. वाढदिवस सरपंच बाईचा असला तरी मोठा फोटो नवऱ्याचा. बाई डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात, तिचं नाव 'सौ.' लावून बारीक अक्षरात. फोन केला तर नवरा उचलतो आणि म्हणतो, "हां, सरपंच बोलतोय." पंचायत समितीत गेलं तर बीडीओसाहेबही त्याच्याकडं बघूनच बोलतात आणि चहा त्यालाच मागवतात. कुणालाच त्यात काही खटकत नाही.

मराठी सिनेमानं तरी दुसरं काय शिकवलं? गावचा कारभार म्हटलं की डोळ्यांसमोर निळू फुले. वाडा, झोपाळा, बगलेत दोन माणसं. त्या वाड्यातल्या बाईला फार तर दारामागून ऐकायचं काम. असं चित्र दोन पिढ्यांनी जत्रेच्या पडद्यावर पाहिलं. महिला राखीव जागा आली तेव्हा वाडा तसाच राहिला, फक्त दाराच्या पाटीवरचं नाव बदललं.

कागद काय सांगतो

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा महिलांना. महाराष्ट्रानं त्याआधीच ३० टक्के जागा राखून ठेवायला सुरुवात केली होती, आणि २०११ मध्ये त्या ५० टक्के केल्या. देशभरात आज पंचायत राज संस्थांत निवडून आलेल्या महिलांची संख्या साडेचौदा लाखांच्या घरात आहे. जगात इतक्या बायका लोकांच्या मतांवर निवडून आलेल्या दुसरीकडं कुठं सापडायच्या नाहीत.

महाराष्ट्रात याच्याही आधीचा दाखला आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शेतकरी संघटनेच्या प्रेरणेनं पूर्ण महिलांचं पॅनेल निवडून आलं, तेव्हा घटनादुरुस्ती अजून व्हायची होती. त्या बायकांना कुणी राखीव जागा दिली नव्हती. कांद्याच्या, कापसाच्या आंदोलनात रस्त्यावर बसलेल्या बायका होत्या त्या. म्हणून "आमच्याकडच्या बायकांना जमत नाही" हे वाक्य निदान महाराष्ट्रात तरी कुणी बोलू नये.

बरं, जमत नाही म्हणजे काय? पहिल्यांदा निवडून आलेल्या पुरुष सरपंचाला तरी कुठं येतं? नमुना नंबर ८ म्हणजे काय, वित्त आयोगाचा पैसा बंधित किती आणि अबंधित किती, हे त्याला ग्रामसेवकच सांगतो (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं). कित्येक पुरुष सरपंच आमदाराच्या सांगण्यावरून चालतात, कित्येक ठेकेदाराच्या. कुणाला वडील चालवतात, कुणाला थोरला भाऊ. पण त्यांना 'डमी' कुणी म्हणत नाही. 'सरपंच-बाप' असा शब्द अजून कुणी काढलेला नाही. बाई विचारून काम करते तेव्हा ती बाहुली, आणि पुरुष विचारून काम करतो तेव्हा तो 'सगळ्यांना बरोबर घेऊन चालणारा'. हा फरक ज्यानं त्यानं स्वतःच्या तोंडाला विचारावा.

डोंगल कुणाच्या खिशात?

आता मुद्द्याची गोष्ट. पूर्वी सरपंचाची सत्ता चेकबुकात असायची. आता वित्त आयोगाचा पैसा ऑनलाईन सुटतो. सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. डिजिटल सही म्हणजे पेन ड्राइव्हसारखं दिसणारं छोटं डोंगल, त्याचा पासवर्ड आणि मोबाईलवर येणारा ओटीपी. हे तीन ज्याच्या हातात तो सरपंच. बाकी सगळं खुर्ची आणि हार.

गावोगाव काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डोंगल ग्रामपंचायतीच्या कपाटात, नाहीतर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये. मोबाईल नंबर नोंदवलेला नवऱ्याचा. बाई दुपारी कपाशी वेचत असते, आणि तिकडं तिच्या सहीनं पाच लाखांचं बिल निघालेलं असतं. तिला ते कळतही नाही. संध्याकाळी घरी आल्यावर सांगितलं तर सांगितलं.

यात बायकांचा अपमान आहे हे तर झालंच, पण व्यवहाराच्या बाजूनं बघितलं तर ते त्याहून वाईट आहे. कायदा सहीकडं बघतो. सही करणाऱ्याचा नवरा कोण, हे कायद्याला माहीत नाही. रस्ता कागदावर झाला आणि जमिनीवर नाही, असं चौकशीत निघालं तर नोटीस येते सरपंचाच्या नावानं. लेखापरीक्षणात रक्कम वसूलपात्र ठरली तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय ते शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. गुन्हा दाखल झाला तर एफआयआरवर नाव तिचं. ज्या नवऱ्यानं बिल काढलं तो कागदावर कुठंच नाही. पोलीस ठाण्यात तो येतो तो 'नातेवाईक' म्हणून.

मासिक सभेचं तसंच. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३६ नुसार ठरल्याप्रमाणं सभा बोलावल्या नाहीत आणि त्याला पुरेसं कारण नसलं, तर सरपंचपद जाऊ शकतं. सभा घ्यायची विसरला नवरा, प्रोसिडिंग घरी बसून लिहिलं ग्रामसेवकानं, अपात्र झाली बायको. गावात मग म्हणायला मोकळे, "बघा, बाईला झेपलं नाही."

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं सरपंचांचं मानधन दुप्पट केलं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला महिन्याला ६ हजार, आठ हजारांपर्यंत ८ हजार, त्यापुढं १० हजार. ही रक्कम बाईच्या खात्यावर येते, एटीएम कार्ड बहुतेक घरांत दुसऱ्याच्या पाकिटात असतं. लाडकी बहीणचे दीड हजार स्वतः काढायला बँकेच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका आता गावोगाव दिसतात. सरपंच बाई मात्र स्वतःचं मानधन काढायला बँकेत आलेली क्वचित दिसते. हे कोडं सोडवण्यासारखं आहे.

काम करायला लागली की काय होतं

समजा एखादी बाई स्वतः कारभार बघायला लागली. मग काय होतं, तेही जळगाव जिल्ह्यातच बघायला मिळालं.

विचखेडा गावच्या महिला सरपंच २०२१ मध्ये निवडून आल्या. त्यांच्याविरुद्ध गावातल्याच काहींनी तक्रार केली की त्या सासूबरोबर सरकारी जागेवर बांधलेल्या घरात राहतात. सरकारी जागेवर अतिक्रमण असलं तर सदस्यत्व जातं, असं कायद्यात आहे. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केलं, उच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं. न्यायालयानं निकालात स्पष्ट म्हटलं की गावकऱ्यांना मुळात एक बाई सरपंच झाली आणि तिचं ऐकावं लागतं हेच पचलं नाही, असं या प्रकरणात दिसतं. अधिकाऱ्यांनी नीट शहानिशा न करता निर्णय दिले, यावरही ताशेरे ओढले.

दोन महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, छत्तीसगडच्या जशपूर जिल्ह्यातल्या तरुण महिला सरपंचाला बांधकामं रखडली म्हणून काढून टाकल्याचं प्रकरण त्याच न्यायालयात आलं. न्यायालयानं तिलाही पद परत दिलं आणि राज्य सरकारला एक लाख रुपये द्यायला लावले.

या दोघी दिल्लीपर्यंत गेल्या म्हणून निकाल लागला. तालुक्याच्या वकिलाची फी द्यायला शेळी विकावी लागते अशा घरातली सरपंच तिथपर्यंत जाणार कशी? ती कलेक्टर ऑफिसच्या दुसऱ्या तारखेलाच दमते. आणि नवरा कारभार बघतो त्या गावांत अतिक्रमणाच्या, शौचालयाच्या, तिसऱ्या अपत्याच्या तक्रारी अचानक कशा कमी होतात, याचा विचार तक्रार करणाऱ्यांनीच करावा.

शपथ नवऱ्यांनी घेतली

मार्च २०२५ मध्ये छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा गावात तर कहर झाला. निवडून आल्या सहा बायका, आणि शपथ घेतली त्यांच्या नवऱ्यांनी. व्हिडिओ फिरला, देशभर हसं झालं. निलंबित कोण झालं? पंचायत सचिव. त्यानं शपथ घेऊ दिली हे खरं, पण ज्यांनी दुसऱ्याची शपथ घेतली ते सहाजण घरी गेले. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातही असंच घडलं होतं.

केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये या विषयावर एक समिती नेमली. त्याआधी जुलैत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं आणि न्यायालयानं ते मंत्रालयाकडं सोपवलं होतं. माजी सचिव सुशील कुमार अध्यक्ष होते. २०२५ च्या फेब्रुवारीत समितीचा अहवाल आला. नवऱ्यानं कारभार केल्याचं सिद्ध झालं तर जरब बसेल असा दंड, महिला सरपंचांची शपथ ग्रामसभेत सगळ्यांसमोर, तक्रारीसाठी महिला लोकपाल, प्रशिक्षण स्थानिक भाषेत, अशा शिफारशी त्यात आहेत. मार्च २०२५ मध्ये मंत्रालयानं 'पंचायत'वाल्याच कंपनीकडून नीना गुप्तांना घेऊन 'असली प्रधान कौन?' नावाची छोटी फिल्मही बनवून घेतली. म्हणजे सिरीज बघून सरकार हललं म्हणायचं, की सरकारला जे सांगता येत नव्हतं ते सिरीजनं सांगितलं म्हणायचं, ज्यानं त्यानं ठरवावं.

दंडाची शिफारस ऐकायला बरी वाटते. पण तिच्यात एक पाचर आहे. दंड कुणाला लागणार? नवरा पदावर नाहीच, त्याचं काढून घ्यायचं काय? तक्रार सिद्ध झाली की पद जाणार बाईचं. विरोधी पॅनेलला आयतं हत्यार. आज अतिक्रमणाची तक्रार करतात, उद्या "हिचा नवरा ऑफिसात बसला होता" म्हणून फोटो जोडतील. नियम असा हवा की शिक्षा बसणाऱ्याला व्हावी आणि बसू देणाऱ्या अधिकाऱ्याला व्हावी. जिच्या खुर्चीवर तो बसला तिला नव्हे. समितीच्या शिफारशी राज्यात उतरवताना मंत्रालयातल्या साहेबांनी एवढं बघितलं तरी पुष्कळ.

पाणी आधी कुणाला आठवतं

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं विचारणारे आहेत. नवरा काय आणि बायको काय, रस्ता झाला म्हणजे झालं. तसं नाही.

एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञ बाईंना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी राघवेंद्र चट्टोपाध्याय यांच्याबरोबर पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास केला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरपंचपद राखीव झालं की पिण्याच्या पाण्याच्या कामांवर जास्त खर्च झाला, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे. हंडा कुणाच्या डोक्यावर असतो? पुढं बंगालमध्ये असंही दिसलं की ज्या गावांत दोन वेळा महिला प्रधान राहिली तिथं मुलींच्या शिक्षणाबद्दल आईबापांच्या अपेक्षा वाढल्या आणि पुढं बायका खुल्या जागेवरूनही जास्त निवडून यायला लागल्या.

आपल्याकडं नेमकं हेच होत नाही. पाच वर्षं संपली की आरक्षण फिरतं. जी बाई धडपडत कारभार शिकली, बीडीओसमोर बोलायला लागली, जलजीवनच्या ठेकेदाराला पाईप उकरून दाखवायला लावायला लागली, तिला सांगतात, "वहिनी, आता ओपन पडलंय, बसा घरी." ओपन म्हणजे पुरुष, असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. सर्वसाधारण जागेवर बाई उभी राहू शकते. ५० टक्के ही खालची मर्यादा आहे, तिला गावांनी वरची करून टाकली.

पॅनेलवाल्यांना आता विचारायचं ते हे. जिथं लेडीज पडलं तिथं ज्या बाईचा फॉर्म भरताय तिला विचारलंय का? मागास प्रवर्गाची जागा असेल तर जातीचा दाखला आणि पडताळणी तिच्या माहेरच्या कागदांवर होते. ते कागद मामाकडं आहेत की कुणाकडं, याची चौकशी आजच करावी, शेवटच्या दिवशी तहसीलच्या दारात रडारड नको. निवडून आल्यावर डिजिटल सहीला नंबर तिचाच नोंदवला जाणार का, पासवर्ड तिलाच माहीत असणार का, ग्रामसभेआधीची महिलांची सभा खरोखर भरणार की सह्या घरोघर फिरवून गोळा करणार, हे मतदारांनी प्रचाराला आलेल्या नवऱ्याला विचारायला हरकत नाही. विचारताना त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईकडं बघून विचारावं.

आणि जिथं ओपन पडलं, तिथं गेल्या पाच वर्षांत चांगलं काम केलेली एखादी बाई असेल तर तिच्या नावाची चर्चा तरी पारावर होऊ द्या. अर्ज भरायच्या दिवशी ती रांगेत दिसली तर तिच्या नवऱ्याला "काय राव, बायको ऐकत नाही का" असं विचारणारे दोघं-तिघं निघतीलच. ती उत्तर देईल, नाहीतर रांगेत पुढं सरकेल.